गल्लीच्या तोंडाशी काढलेल्या चपला

दुकानात माणूस शिरला की आधी त्याच्या पायांकडे बघायचं, हे मला अप्पांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तोंडाकडे सगळेच बघतात आणि तोंड हमखास फसवतं. पायरीशी चपला काढून जो आत आला तो घेणार. चपला पायात ठेवून, चौकटीला हात टेकून जो "काय भाव?" म्हणाला, तो पुढच्या चार दुकानांतही हेच विचारणार. आणि चपला काढून ज्याने त्या भिंतीकडेला नीट लावून ठेवल्या, तो दिवसभर बसणार; त्याच्यासाठी चहा सांगून टाकायचा. पुढे सगळी हयात कापड विकण्यात गेली, पण या शिकवणीला अपवाद फार थोडे सापडले.

आमचं घराणं विणकरांचं. भवानी पेठेत घरातच माग होते. वडिलांनी विणलं आणि मुलाने विकलं, असं म्हणायला छान वाटतं; खरी गोष्ट अशी की मागावर बसायला मी अगदीच नालायक ठरलो, म्हणून वडिलांनी मला अप्पांच्या गादीवर नेऊन बसवलं. "अंबादास बोलतो बरा, हात मात्र चालत नाहीत," अशी माझी शिफारस झाली. अप्पा म्हणाले, "आमाला बोलणाराच पायजे की."

अप्पांचं दुकान लुगडे गल्लीत. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरून दोन बैलगाड्या आल्या तर एकीला मागे सरावं लागे, आणि कोणी सरायचं यावर गाडीवानांची जी भाषणं होत त्यांतून मी पुष्कळ मराठी शिकलो. घरी आम्ही तेलुगू बोलायचो. अप्पा लिंगायत, त्यांच्या घरात कानडी. समोर बांगड्यांचं दुकान रसूलचाचांचं, त्यांची दखनी. गिऱ्हाईक ज्या भाषेत घासाघीस करेल त्या भाषेत आपण हसायचं, एवढी एकच भाषा गल्लीला नीट येत होती.

आता गादीविषयी थोडं सांगायला हवं, कारण हल्लीच्या पोरांनी ती पाहिलेली नाही. दुकानात शिरलं की गुडघाभर उंचीचा ओटा, त्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढऱ्या खोळीची गादी, कडेला लोड. गिऱ्हाईक चपला काढून वर चढायचं आणि मांडी घालून बसायचं. आमची खरी कमाई बस्त्याची. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी एकाच दिवशी शहरात येत, एकाच दुकानात बसत, आणि नवरीच्या शालूपासून मामाच्या फेट्यापर्यंत सगळं कापड तिथेच निवडत. याला बस्ता बांधणं म्हणतात. एका बाजूला मुलाकडचे, समोर मुलीकडचे आणि मधे लुगड्यांचा ढीग. त्या ढिगाच्या कडेला आम्ही. चांगला माल आधी काढायचा नाही. नवऱ्या मुलाला काही विचारायचं नाही, कारण त्याला कोणीच विचारत नाही. जी बाई काही न बोलता काठ दोन बोटांत धरून बघते, तिच्यावर नजर ठेवायची.

एका बस्त्यात नवऱ्या मुलाची थोरली काकू सकाळपासून येईल ते लुगडं नाकारत होती. रंग भडक, पोत पातळ, काठ अरुंद. मी घामाघूम झालो. अप्पांनी मला नुसत्या भुवईने खूण केली. तेव्हा कुठे लक्षात आलं, की नवरीच्या आईने एक जांभळं इरकल स्वतःच्या मांडीशी ओढून ठेवलं होतं आणि काकूची नजर त्याच्यावरून हटत नव्हती. मागणार कशी? मुलाकडची होती ना. मी तसंच दुसरं जांभळं इरकल काढलं, त्याची घडी मोडली आणि दोघींच्या मधोमध पसरलं. दोघींनी ते बघितलं, मग एकमेकींकडे बघितलं आणि हसल्या. त्यानंतरचा बस्ता तासाभरात उरकला. या धंद्यात कापड थोडं आणि चेहरे जास्त बघावे लागतात.

बहात्तरच्या दुष्काळाने ही गल्ली आजारी पडली. खेड्यांत लग्नंच थांबली. जी झाली ती घरातल्या जुन्यावर झाली. पुढे पाऊस परतला, पण गिऱ्हाईक काही गल्लीत परतलं नाही, कारण तोवर स्टेशनकडच्या रुंद रस्त्यावर नवी दुकानं निघाली होती. काचेची कपाटं, ट्यूबलाइट आणि दारात साडी नेसवून उभी केलेली प्लास्टरची बाई. ती बाई बघायला आमची आई मुद्दाम गेली होती. बाईची बोटं फार लांब आहेत, एवढाच शेरा तिने घरी येऊन मारला.

आमच्या गल्लीत एकेक फळी कायमची बंद व्हायला लागली. बंद झालेलं दुकान सुताचे व्यापारी गोदामासाठी घ्यायचे, कारण माग इथून जवळ. गोदाम आलं की त्याच्या गाड्या दिवसभर दारात उभ्या. गाड्यांमागे शेजारचं दुकान दिसत नाही, मग तेही बंद. गल्लीचं एक टोक असं गोदामांनी खाल्लं होतं. अप्पांचं दुकान बरोबर मध्यावर आणि सगळ्यांत मोठं. ते गेलं की उरलेली गल्ली वर्षभरात गोदाम होणार, हे रसूलचाचांपासून कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्या साली दसऱ्याला आमच्या गादीवर सगळे दुकानदार जमले. अप्पांचा मुलगा मल्लिनाथ पुण्याला कॉलेज करून आला होता. तो म्हणाला, नव्या रस्त्यासारखं आपणही करू. काउंटर, खुर्च्या, ट्यूबलाइट. सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं, कारण दिवसभर मांडी घालून माझे गुडघे धरायचे. दिवाळीपर्यंत आठ-दहा दुकानांतल्या गाद्या निघाल्या, ओटे भिंतीकडेची पट्टी सोडून फोडले गेले. आमच्याकडे अस्सल सागवानाचं, दुकानभर लांब काउंटर आलं. त्याला असं पॉलिश केलं की त्यात चेहरा दिसावा. पुढे चार खुर्च्या मांडल्या. गादी आणि जुनं जाजम गुंडाळून माळ्यावर टाकलं. अप्पांनी काउंटरवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "चांगलं हाय. पर मी कुटं बसू?" त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली. तिच्यावरही ते मांडी घालूनच बसायचे.

काउंटरने पहिलं गिऱ्हाईक घालवलं ते म्हणजे मास्तर. हे एक निवृत्त शिक्षक. वर्षाला एक धोतरजोडी घ्यायचे, पण दुपारभर आमच्या गादीवर लोडाला टेकून वर्तमानपत्र वाचायचे, आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला दुकानाची तारीफ सांगायचे. आम्ही त्यांना फुकट्या म्हणत असू, अर्थात त्यांच्या माघारी. काउंटर आल्यावर ते एकदा आले, चपला पायरीशी काढल्या, थंड फरशीवर अनवाणी उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि चपला घालून गेले. पुढे तीन महिने फिरकले नाहीत.

तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, आणि आम्ही काउंटरमागे सज्ज. बस्त्याची मंडळी यायची, पायरीशी घुटमळायची. चपला काढायच्या की नाही हे त्यांना कळेना, आणि पायांवरून माणूस ओळखण्याची माझी विद्या बुडाली. उभ्याउभ्या दोन साड्या बघायच्या आणि "जरा फिरून येतो" म्हणायचं. फिरून कोणी आलं नाही. उभंच राहायचं तर नव्या रस्त्यावर काय वाईट होतं? तिथे प्लास्टरची बाई तरी बघायला मिळत होती.

पौषात सूतवाले शेठ आले. माणूस सरळ होता. आडपडदा न ठेवता म्हणाले, "अप्पा, जागा मला द्या. तुमच्या नावाला शोभेल अशी किंमत देईन." अप्पांनी खुर्चीवरची मांडी सोडली. मग म्हणाले, "ही शेवटची लगीनसराई करतो. अक्षय तृतीयेला तुमचा नारळ घेतो." पौषात कोणी व्यवहार करत नाही म्हणून ती तिथी ठरली. शब्द दिला गेला. शेठांनी अप्पांना नारळ दिला की त्याच दिवशी अप्पा मला नारळ देणार, हे मी घरी बायकोला हसत सांगितलं, पण तिला हसू आलं नाही. थोरली शाळेत जायला लागली होती आणि धाकटा पाळण्यात होता.

माघात केमहून एक बस्ता आला. मुलाकडचे केमचे, पहाटेच्या गाडीने आलेले. मुलीकडचे अक्कलकोटजवळचे, अर्धे कानडी बोलणारे. दोन्हीकडचे मिळून दुकान भरलं आणि मी मनात म्हटलं, आज देव पावला.

देव कसला पावतो! चार खुर्च्या. मुलाचा बाप आणि त्याचे भाऊ पटापट बसले. मुलीचा बाप उभा. काउंटरपुढे मुलाकडच्या बायका खांद्याला खांदा लावून उभ्या, त्यांच्या पाठीमागे मुलीकडच्या. नवरीची आई टाचा उंचावून बघायची, पण तिला समोरच्या अंबाड्यांपलीकडे काही दिसेना. मी साड्या टाकत होतो, पुढच्या पुढे नाकारत होत्या, मागच्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. खुर्च्या काउंटरसारख्याच चकचकीत होत्या, पण गादीवर कोणी उंच नसतं आणि कोणी खाली नसतं, हे आम्ही दसऱ्याच्या त्या सभेत कोणीच बोललो नव्हतो. मुलीच्या मामाचा आवाज चढला. "आमाला उभं ठिवलंय व्हय? सोयरीक करायला आलोय का तुमचं जनावर राखायला?" खुर्चीतून कोणीतरी म्हणालं, "मग बसा की, कोण न्हाय म्हणतंय?" बसणार कुठे? मामाने नवरीच्या बापाचा दंड धरला. "चला दाजी. हितंच ही तऱ्हा, तर पोरगी दिल्यावर काय व्हईल?"

नवरी मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही पळालं. माझ्या काउंटरपुढे लग्न मोडण्याची वेळ कधी येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मुलाकडच्या मंडळीत एक म्हातारी आत्या होती, गोदाआत्या. मानाने सगळ्यांत मोठी, आणि गुडघ्याने अधू. खुर्ची तिला कोणीतरी दिली होती, पण पाय लोंबकळायला लागल्यावर ती उठून उभी राहिली होती. सगळे ओरडत असताना ती पायरी उतरली, गल्लीत गेली आणि दुकानासमोर चक्क रस्त्यावर बसली. गल्ली रिकामीच होती. तिथून तिने हाक दिली, "विहीणबाई, या की हितं. मला त्या फळीम्होरं काय बी दिसत न्हाय."

नवरीची आई दारापर्यंत आली. तिला वाटलं, म्हातारी रुसली.

"रुसले न्हाय वो. गुडगं दुखत्यात. तुमी माज्याम्होरं बसा. लुगडं दोगींनी बगायचं का पाठीला पाठ लावून?"

नवरीची आई तिच्यासमोर बसली. मुलगी तिच्याशेजारी. मग बाकीच्या बायका एकेक करून बाहेर आल्या. आत राहिले खुर्चीतले पुरुष आणि मी. खुर्चीत बसून रिकाम्या काउंटरकडे किती वेळ बघणार? तेही उठले.

कोपऱ्यातून अप्पांचा आवाज आला. "अंबादास, जाजम काढ."

मल्लिनाथ आणि मी माळ्यावर चढलो. धूळ झटकून ते जाजम गल्लीत पसरलं तेव्हा ते समोरच्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोचलं. बायकांनी चपला काढल्या आणि जाजमावर दोन बाजूंना बसल्या, कोणी न सांगता, पूर्वी बसत तशा. मी गठ्ठे बाहेर आणून मधे टाकले. आणि मग जे दिसलं ते मी इतकी वर्षं धंद्यात असून पहिल्यांदा बघितलं: भर उन्हात एकत्र पसरलेल्या लुगड्यांचे रंग. खेड्यातली बाई प्रत्येक लुगडं दाराशी नेऊन उजेडात बघतेच. ट्यूबलाइटखाली हिरवं दिसणारं बाहेर शेवाळी निघतं, आणि ती फसवणूक तिला ठाऊक असते. इथे ते काही करायलाच नको होतं. गोदाआत्याने एक मोरपंखी लुगडं उचललं, दोन बोटांत काठ धरला, नवरीच्या खांद्यावर टाकलं आणि विहिणीला विचारलं, "कसं?" नवरीची आई म्हणाली, "छलो ऐती," म्हणजे छान आहे. आत्याला कानडी येत नव्हती, पण तेवढं तिला समजलं.

पुरुष जाजमाच्या कडेला टेकले. मामा सगळ्यांत शेवटी बसला, पण बसला. मुलाच्या बापाने चंची पुढे केली, मामाने पान घेतलं. रसूलचाचा समोरून सगळं बघत होते. म्हणाले, "अंबादास, बहनां यहींच बैठे हैं तो मैं दुकान में काय कू बैठूं?" आणि बांगड्यांच्या पेट्या घेऊन जाजमावर आले. शिंपी टेप घेऊन आला. ऊन कलेपर्यंत शालूपासून फेट्यापर्यंत सगळं झालं. जाताना गोदाआत्या अप्पांना म्हणाली, "दुकान लई ब्येस हाय तुमचं. पर ती फळी कशापायी मदी घातलीया?"

त्या संध्याकाळी अप्पा खुर्चीवर बसलेच नाहीत, ओट्याच्या उरलेल्या कडेवर बसले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्याने आपलं जाजम काढलं. तिसऱ्या दिवशी भांडण झालं, कारण माझ्या जाजमावरच्या गिऱ्हाइकाला पलीकडच्याने आपली साडी दाखवली. इथे मल्लिनाथचं डोकं कामी आलं, आणि हे मी मुद्दाम लिहितो, कारण काउंटरसाठी त्याला पुढे लोकांनी फार चिडवलं. त्याने सगळ्यांना बसवून ठरवून घेतलं: जाजम गल्लीचं, गिऱ्हाईक गल्लीचं, बोलावल्याशिवाय कोणी माल घेऊन जायचं नाही. गोदामांच्या गाड्यांनी दुकानं उघडायच्या आत यायचं आणि जायचं. मग गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर. विणकरांच्या घरांतून मांजरपाटाचे लांब पट्टे आणून या माडीपासून त्या माडीपर्यंत बांधले, म्हणजे ऊन लागत नाही आणि उजेड येतो. माझ्या वडिलांनीही एक पट्टा दिला. वर बघून म्हणाले, "आता मीच तुझ्या डोक्यावर आहे."

चपलांचा प्रश्न मास्तरांनी सोडवला. जाजमं सलग पसरल्यावर लोक गल्लीच्या तोंडाशीच चपला काढायला लागले, आणि तिथे रोज गोंधळ. मास्तर एक दिवस आले, खुर्ची मागून घेतली, त्या चार खुर्च्यांतली एक, आणि चपलांपाशी वर्तमानपत्र उघडून बसले. "जोड एकात एक अडकवा. डावी उजवीत," असं प्रत्येकाला वर्गातल्यासारखं बजावायचे. गावोगावचे त्यांचे जुने विद्यार्थी बस्त्याला यायचे आणि मास्तरांना चपला राखताना बघून ओशाळायचे. मास्तर म्हणायचे, "अरे, आयुष्यभर तुम्हाला राखलं, त्यापेक्षा हे बरं."

महिनाभरात गल्लीची चव लोकांना लागली. एका जागी बसून कापड, बांगड्या, शिलाई सगळं, बायका समोरासमोर, म्हाताऱ्यांना बसायला जाजम. महापालिकेचे एक साहेब आले. रस्ता अडवला म्हणून कागद लिहायला लागले. मास्तर म्हणाले, "साहेब, आधी जोडे." साहेबांनी काढले. आत गेले, मल्लिनाथने गाड्यांची वेळ समजावून सांगितली, चहा झाला. परत येताना म्हणाले, "सराई संपेपर्यंत चालू द्या. पण कोणाची तक्रार आली तर मी जाजमं उचलीन." तक्रार करणारा एकच माणूस असू शकत होता, ते सूतवाले शेठ, आणि त्यांनी केली नाही. लोक म्हणाले, करतील कशाला? दोन महिन्यांनी मधली जागा त्यांचीच होणार आहे.

तेच खरं होतं. चैत्र भरात होता, गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि अप्पांनी शब्द दिलेला होता. मल्लिनाथने त्यांना परोपरीने विनवलं. "अप्पा, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. सांगून टाका, जमत नाही म्हणून." अप्पा एकच शब्द बोलायचे, "साकु." पुरे. रसूलचाचा एकदा बोलून आले, त्यांनाही तेच उत्तर. मी फक्त रोज सकाळी जाजम पसरताना त्याच्यावरून हात फिरवायचो.

अक्षय तृतीया आली. तिथीच तशी, लग्नांची आणि खरेदीची एकच झुंबड. अप्पा नवं धोतर नेसून दुकानात बसले होते. त्यांनी त्या दिवशी एकदाही बाहेर बघितलं नाही.

शेठ दुपारच्या आधी आले. मागे मुनीम, त्याच्या हातात ताट, ताटात नारळ आणि विडे. दोराशी मास्तर म्हणाले, "शेठ, चपला इथे." शेठांच्या चपला नव्या कोऱ्या, कुरकुरणाऱ्या. त्यांनी त्या काढल्या आणि जाजमावर आले. मी अर्ध्या गल्लीत एका बस्त्यात बसलो होतो, तिथून त्यांना बघत होतो. दोन्हीकडे बायका, मधे कापड. शेठ धोतराचा सोगा धरून वाट काढत येत होते. माझ्याजवळ आल्यावर वाटच संपली. बार्शीकडच्या बायकांनी एक शालू पूर्ण उलगडला होता. त्यातल्या एकीने मान वर करून शेठांना बघितलं, दुकानाचाच माणूस समजली, आणि पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं. "दादा, वाईच धरा की. लांबी बगू द्या."

मी उठायला गेलो. शेठांनी मला हातानेच थांबवलं आणि दोन्ही हातांनी पदर धरून उभे राहिले. बायकांचा विचार चालला होता. एक म्हणाली जरीकाम बरं आहे, दुसरी म्हणाली सूत मऊ आहे. नवरीला विचारलं, ती लाजून खाली बघत म्हणाली, "हाच." शेठ तिच्याकडे बघत होते. जन्मभर त्यांनी सूत विकलं होतं, गाठोडी चढवली होती, उतरवली होती. त्या सुताचं पुढे काय होतं, ते त्यांनी इतक्या जवळून कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. घडी घातली गेल्यावर ते पुढे निघाले. मी मागोमाग गेलो.

अप्पा उठून उभे राहिले. "बर्री शेठ. कुंदर्री," म्हणजे या, बसा. शेठ ओट्याच्या कडेवर बसले. अप्पांनी हात पुढे केला. "आणा नारळ."

शेठांनी नारळ ताटातून उचलला, पण दिला नाही. म्हणाले, "अप्पा, हितं गोदाम करून मी गाडी कुठून आणू?"

"ती तुमची अडचण. मी शब्द दिलाय."

"दिलाय ना? कोणाला दिलाय?"

"तुमाला."

"मग माझ्याकडं आलेला शब्द परत करायचा हक्क मला हाय की न्हाय?" शेठ थांबले. मग म्हणाले, "मी परत केला. मला एका बाईनं भर गल्लीत पदर धरायला लावलाय, अप्पा. तिच्या दारात मी गाठोडी उतरवू?"

अप्पांचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता. शेठांनी विचारलं, "आता आणलेला नारळ घरी न्यायचा का?" आणि उत्तराची वाट न बघता तो आमच्या पायरीवर फोडला. मल्लिनाथने खोबऱ्याचे तुकडे केले आणि जाजमावर जे जे बसले होते त्यांना वाटले. बार्शीच्या बायकांना वाटलं, शालू पसंत पडला म्हणून दुकानदार खोबरं वाटतोय. त्यांनी आशीर्वाद दिला. अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. मी तर उघड रडलो. त्या दिवशी मला माझ्या नोकरीपेक्षा अप्पांच्या शब्दाचीच जास्त काळजी होती, हे मला तेव्हा कळलं.

शेठांनी चहा घेतला, दोन शब्द बोलले आणि निघाले. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी गलका झाला म्हणून आम्ही गेलो. शेठांच्या नव्या चपला कोणीतरी घालून गेलं होतं. तिथे उरली होती टायरची झिजलेली पायताणं, एकात एक नीट अडकवलेली. मास्तरांना तोंड वर करवेना. जन्मात त्यांच्या वर्गातून खडू गेला नव्हता. शेठ म्हणाले, "मास्तर, असू द्या. लग्नघरात चपला जायच्याच." आणि ती पायताणं घालून, रिकामं ताट घेतलेल्या मुनिमासोबत शेठ रस्त्याने चालत गेले.

अप्पा चपलांच्या त्या ढिगाकडे बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुताराला बोलावलं आणि काउंटर दाखवलं. "हे काप. ह्याचं खण कर. गल्लीच्या तोंडाला लावायचं हाय, चपला ठेवायला." सुतार काउंटरच्या पॉलिशवरून हात फिरवत म्हणाला, "अप्पा, एवढं सागवान चपलांना?" मल्लिनाथ तिथेच उभा होता. मला वाटलं, त्याला लागलं असेल. पण त्याने सुताराच्या हातातून पट्टी घेतली आणि स्वतः मापं घ्यायला लागला. माळ्यावरून गादी खाली आली आणि अप्पांनी पुन्हा मांडी घातली.

अप्पा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मास्तरही गेले, रसूलचाचाही. आता जाजमं दरवर्षी फक्त लग्नसराईत पसरतात, आणि मांजरपाटाच्या जागी रंगीत कापडं आली आहेत, ती मला आवडत नाहीत. माझे गुडघे गेले ते गेलेच. मांडी घालता येत नाही म्हणून मी दुकानाच्या आत बसत नाही. पण संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो की गल्लीच्या तोंडाशी थांबतो. ते सागवानी खण तिथेच आहेत, हातांनी आणि चपलांनी अजून गुळगुळीत झालेले. मी आधी तिथेच बघतो, सवय जात नाही. परवाही गेलो होतो, ऐन सराईत. माझ्या चपला ठेवायला एकही खण रिकामा नव्हता. हातात धरून आत गेलो.